मामंजींच्या येझदीचा चिमटा



चिमटा म्हटलं की आपल्याला पोळी फुगवायचा नाहीतर पापड भाजायचा चिमटा आठवतो. मोटारसायकललाही चिमटा असतो. पुढचं चाक ज्या दोन नळ्यांच्या मध्ये धरलेलं असतं, त्या जोडीला जुने मिस्त्री चिमटा म्हणतात. कोणी फोर्क म्हणतं, आणि आपल्या वऱ्हाडात बहुतेक जण ‘शॉकअप’ म्हणून मोकळे होतात. मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी दोन महिने या चिमट्याशिवाय दुसरा विषय नव्हता. आज त्याबद्दलच लिहिते आहे. गाडीत रस नसला तरी वाचा, कारण ही गोष्ट शेवटी दानाची आहे.

माझ्या सासूबाईंनी गेल्या दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, परिग्रहपरिमाण नव्याने केलं. दागिने, भांडी, साड्या यांची मर्यादा त्यांनी आधीच बांधलेली होती. या वेळी त्या म्हणाल्या, “माझ्या नावावर आता एकही वाहन नको.” त्यांच्या नावावर वाहन एकच होतं. मामंजींची १९७८ सालची येझदी. मामंजी गेल्यावर ती वारसाहक्काने आईंच्या नावावर झाली आणि अमरावतीच्या आमच्या घरात जिन्याखाली, जुन्या चादरीखाली उभी राहिली.

ज्यांनी येझदी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. चेकोस्लोव्हाकियातली जावा मोटारसायकल आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून बनू लागली. १९७३ पासून त्याच कारखान्याची गाडी येझदी या नावाने यायला लागली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तिची गंमत म्हणजे किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारायची, आणि तोच दांडा पुढे पाडला की गिअर. दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि तो ठक-ठक आवाज. मामंजी गल्लीच्या तोंडाशी आले की आई इकडे पानं वाढायला घ्यायच्या. याच गाडीवर मागे एका बाजूला बसून, मांडीवर पूजेच्या द्रव्याचा डबा धरून, आई भातकुलीला आदिनाथांच्या दर्शनाला जायच्या. परतवाड्यावरून मुक्तागिरीलाही दोघं गेले होते. तेव्हाच्या रस्त्यांवरून घरी आल्यावर दोघांच्या भुवयांवर पांढरी धूळ असायची, असं आई अजून सांगतात.

तर ही गाडी द्यायची, हे ठरलं. कोणाला द्यायची, हेही आईंनीच ठरवलं. माझे धाकटे दीर अकोल्याला असतात. त्यांचं शेत बोरगाव मंजूच्या बाजूला आहे आणि त्यांना रोज शेतावर जावं लागतं. भाऊजी गाडी शिकले ते याच येझदीवर. आई म्हणाल्या, “त्याला उपयोग आहे, त्याला द्या.”

अडचण माझ्या मुलाची होती. तो वीस वर्षांचा. आजोबांची गाडी आपल्यालाच मिळणार, असं त्याने लहानपणापासून मनात धरलेलं. तो आजीला काही बोलला नाही, पण दोन दिवस नीट जेवला नाही. मग आईंनीच त्याला बोलावून सांगितलं, “बाळा, गाडी काकाची. पण आत्ता आहे तशी द्यायची नाही. तिच्यावर माणूस बसणार आहे. आधी तू ती नीट कर.” आजोबांची गाडी आपण महिनोन्‌महिने दुरुस्त करायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची! मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मलाही तेव्हा वाटलं, आई हे कठीण मागताहेत.

गाडी बाहेर काढली तेव्हा रंग उडालेला, टाकीला पोचा, सीट फाटलेली. मुलाचं लक्ष साहजिकच टाकीकडे गेलं. काळा रंग, सोनेरी पट्टी, चकचकीत क्रोम. आमच्या ओळखीचे मिस्त्री आले, त्यांनी टाकीला हातही लावला नाही. गाडी स्टँडवरून उतरवली, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडल खाली दाबलं. पुढचा भाग खटकन खाली गेला आणि स्प्रिंगच्या बाहुलीसारखा तीन-चार वेळा वरखाली होत राहिला. मग त्यांनी चिमट्याच्या नळीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. म्हणाले, “वहिनी, रंग मंग करा. आधी हे पाहा. तेल खाली उतरलं हाये. आजून थोडं उतरलं तं ब्रेकात जाते.”

यातला धोका मला तोवर माहीत नव्हता, म्हणून जरा सविस्तर सांगते. चिमट्याचे दोन पाय असतात. प्रत्येक पायात वरची एक गुळगुळीत लोखंडी नळी, ती हँडलच्या बाजूला घट्ट धरलेली. तिच्यावरून खालचा जाड पाय वरखाली सरकतो, आणि त्याला चाक बसवलेलं असतं. आत स्प्रिंग आणि तेल. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि धक्का आपल्यापर्यंत येऊ देत नाही. पण दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने परत उसळते. तिला आवरायचं काम तेलाचं. तेलाला बारीक भोकांतून जावं लागतं आणि त्यामुळे हालचाल संथ होते. चकलीचा सोऱ्या आठवा. पीठ बारीक भोकांतून यायचं म्हणून कितीही जोर लावला तरी चकली सावकाशच पडते. तसंच.

तेल गेलं की स्प्रिंग मोकाट सुटते. चाक जमिनीवर टेकून राहत नाही, उड्या मारतं. चाक हवेत असेल त्या क्षणी ब्रेक दाबून काही उपयोग नसतो, कारण ब्रेक चाकाला थांबवतो आणि गाडीला थांबवते ती चाकाची रस्त्यावरची पकड. आणि गळलेलं तेल ओघळत खाली चाकाच्या ड्रममध्ये शिरलं, तर ब्रेकच्या पट्ट्याच तेलकट होतात. बाहेरून गाडी चांगली दिसते, चालतेही. फक्त ऐनवेळी थांबत नाही.

आईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे रंगवून दिली असती, तर मी त्याला चकचकीत मरण दिलं असतं.” आमच्या आई असं थेटच बोलतात.

तेल अडवायला नळीच्या तोंडाशी रबराची एक कडी असते, तिला ऑईल सील म्हणतात. मला वाटलं, सील बदलली की झालं. मिस्त्री हसले. “सील तं मी आजच बदलून देतो. पन पाईपाले खड्डे हायेत. दोन महिन्यांत तुमी पुन्हा बलावसान मले. सील काय करन बिचारी?” त्यांनी नळी उजेडात धरून दाखवली. जिथे सील टेकते, नेमक्या त्याच जागी गंजाचे टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले होते. गाडी वर्षानुवर्षं एकाच जागी उभी, नळीवरची धूळ सीलपाशी साचलेली, पावसाळ्यात तीच धूळ ओल धरून बसलेली. क्रोमचा थर तिथे फुटला आणि खालचं लोखंड गंजलं. आता नळी वरखाली झाली की त्या खड्ड्यांच्या कडा रबराच्या नाजूक ओठाला किसणीसारख्या किसत होत्या. नवी सील घातली तरी तेच होणार.

पाठशाळेत मी मुलांना आस्रव आणि संवर शिकवताना नावेचाच दृष्टांत देते. नावेला भोक पडलं, पाणी आत येतं, तो आस्रव. भोक बुजवलं, तो संवर. आत आलेलं पाणी उपसलं, ती निर्जरा. त्या दिवशी नळी हातात घेतल्यावर मला त्या दृष्टांतातली एक बाजू नव्याने दिसली. बुजवण्याचं साधन चांगलं असून चालत नाही, ते जिथे टेकतं ती जागाही गुळगुळीत हवी. क्षमावाणीला दरवर्षी त्याच माणसाची त्याच कारणासाठी क्षमा मागितली जाते, असं आपण कितीतरी घरांत बघतो. क्षमा खोटी असते असं नाही. आतला अभिमानाचा खड्डा तसाच असतो, म्हणून ती टिकत नाही.

कामाला हात घातला तो चातुर्मास संपल्यावर. त्यालाही कारण आहे. सुटे भाग धुवायला रॉकेल आणि डिझेल लागतं. पावसाळ्यात उघड्या परातीत रॉकेल ठेवलं की किती जीव त्यात पडतात, ते तुम्हाला सांगायला नको. हिवाळ्यात कीटक कमी. तरीही आईंनी नियम घालून दिले. काम सूर्यप्रकाशातच करायचं, कारण संध्याकाळी दिवा लावला की पाखरं दिव्याशी येतात आणि तेलात पडतात. परात वापरात नसेल तेव्हा तिच्यावर जाड फडकं. भाग धुण्याआधी कोरड्या मऊ ब्रशने झटकून घ्यायचे, कारण वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कोळ्यांनी घरं केलेली असतात. आमच्या गाडीत हेडलाइटच्या मागे कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं. ते रिकामं आहे याची खात्री करूनच मुलाने काढलं. चौक्यातलं एकही भांडं या कामाला वापरायचं नाही, हे तर सांगावंही लागलं नाही.

आणि निघालेलं काळं तेल? ते नालीत ओतायचं नाही, अंगणातही नाही. आपल्या काळ्या मातीत एका मुठीत किती जीव असतात! बाटलीत भरून, बूच घट्ट लावून ते मिस्त्रींकडे दिलं. त्यांच्याकडे जळक्या तेलाचा पिंप असतो आणि तो भरला की जुनं तेल शुद्ध करणारे घेऊन जातात. तेल काढताना आणखी एक गोष्ट कळली. उजव्या पायात अर्धी वाटी तेल निघालं, डाव्यात जेमतेम दोन चमचे. म्हणजे इतकी वर्षं एक पाय आपलं काम करत होता आणि दुसरा कोरडाच होता.

नळ्यांचं काम अकोल्याला झालं. अकोला कापसाचं गाव. जिनिंगचे कारखाने, तेलघाण्या, डाळ मिल, आणि त्यांची यंत्रं दुरुस्त करणारे लेथवाले तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जिनिंगचा रोळ घासून सरळ करणाऱ्या हाताला मोटारसायकलची नळी म्हणजे लहान काम. भाऊजींनीच ओळखीचं ठिकाण शोधलं. मुलगा नळ्या सुती धोतरात गुंडाळून एसटीने घेऊन गेला. जाण्याआधी मिस्त्रींनी त्याला एक साधी परीक्षा शिकवली होती. सपाट काचेवर नळी ठेवून हळूच लोळवायची आणि खालून उजेड दिसतो का बघायचा. नळी वाकलेली असेल तर उजेडाची फट लहानमोठी होते. आमच्या जेवणाच्या टेबलावरची काच कामी आली. नळ्या सरळ निघाल्या. लेथवाल्याने मापाच्या घड्याळावर पुन्हा तपासलं. वाकलेली नळी थोडी असेल तर दाबयंत्रावर सरळ करतात, पण तापवून कधीच नाही. तापवली की लोखंडाची ताकद जाते.

मग नळ्या घासून खड्डे काढले, त्यावर हार्ड क्रोमचा थर चढवला आणि पुन्हा घासून मूळ मापावर आणल्या. आपल्या नळाच्या तोटीवर असतं ते चकाकीचं पातळ क्रोम वेगळं आणि हे वेगळं. हे दिखाव्याचं नसतं, झिजू नये म्हणून असतं. क्रोम चढवण्याचं पाणी फार विषारी असतं, त्यामुळे हे काम घरी किंवा गल्लीत करून घ्यायचं नाही. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या ठिकाणीच द्यायचं. भाऊजींनी हे आधी विचारूनच काम दिलं, आणि आईंना ते फार आवडलं.

बुश, म्हणजे नळी ज्यात सरकते ती कडी, झिजलेली होती, ती नवी करून घेतली. स्प्रिंगा मी माझ्या ब्लाउजच्या मापाच्या टेपने मोजल्या. दोन्ही सारख्या निघाल्या. लहानमोठ्या असत्या तर दोन्ही बदलाव्या लागल्या असत्या. एकच बदलून चालत नाही.

बसवणी आमच्या अंगणात झाली. नव्या सीलचा ओठ नळीच्या धारदार कडेवर कापला जाऊ नये म्हणून त्या कडेवर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर तेलाचा हात फिरवला आणि मग सील सरकवली. सील स्क्रू-ड्रायव्हरने ठोकायची नाही. तिच्याच मापाच्या नळीच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखी दाबायची. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचं, दोन्ही पायांत थेंबाथेंबाने सारखं, औषधाच्या मापाने मोजून. अकोल्याचा मे ४५ अंशांच्या वर जातो. तेवढ्या उन्हात फार पातळ तेल आणखी पातळ होतं, म्हणून अंदाजाने कुठलंही तेल ओतायचं नसतं.

शेवटी चाक बसवलं तेव्हा मुलाने उत्साहात सगळे नट लगेच आवळायला घेतले. मिस्त्रींनी थांबवलं. आधी सगळं ढिलं ठेवायचं, हँडल धरून पुढचा भाग दहा-बारा वेळा वरखाली करायचा, दोन्ही पाय आपापल्या जागी बसू द्यायचे, मग खालून वर एकेक आवळत जायचं. आधीच आवळलं की पाय एकमेकांना तिरके राहतात, चिमटा अडकत चालतो आणि बुश पुन्हा झिजते. नवीन सून घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळे नियम आवळू नयेत, असं मी मनातल्या मनात म्हटलं. आई माझ्याकडे बघून हसल्या, त्यांनाही तेच आठवलं असावं.

ब्रेकच्या पट्ट्या तेल प्यायलेल्या होत्या, त्या टाकून नव्या घातल्या. तेल प्यायलेली पट्टी घासून पुन्हा वापरतात, तसं मिस्त्रींनी करू दिलं नाही. जुन्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. म्हणून ड्रम फुंकून साफ न करता ओल्या फडक्याने पुसला आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

आमच्या ओळखीतल्या एकांनी मुलाला विचारलं, “आता अमरावती-अकोला रस्ता लोण्यासारखा झालाय, एवढा खर्च चिमट्यावर कशाला?” रस्ता खरंच झालाय. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याआधीचा रस्ता ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना या नोंदीचं मोल जास्त कळतं. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरपर्यंत जाताना पोटातलं पाणी हलायचं. पण मुलाने दिलेलं उत्तर मला पटलं. तो म्हणाला, “काका, खराब रस्त्यावर माणूस वीसने जायचा. आता साठ-सत्तरने जातो. त्या वेगात एक कुत्रं आडवं आलं तरी चाक जमिनीवर टेकलेलं पाहिजे.” कुत्रंही वाचलं पाहिजे आणि माणूसही. ईर्यासमिती मुनींसाठी सांगितली आहे, पण वाहन चालवणाऱ्या श्रावकाच्या हातात निदान वेळेवर थांबणारं वाहन तरी असावं. शिवाय महामार्ग सोडला की भाऊजींच्या शेताची पांदण आहेच. तिथे अजून बैलगाडीच्या चाकोऱ्या आहेत.

या सगळ्याला दोन महिने लागले आणि खर्च दोन चांगल्या पैठण्यांएवढा झाला. गाडीला रंग दिलाच नाही. टाकीचा पोचा तसाच आहे. आईंनी सांगितलं, “तो पोचा तुझ्या आजोबांनी पाडलेला आहे, तो कोणाच्या जिवावर येत नाही.”

मधल्या काळात एक गोष्ट घडली. गाडी सुरू झाल्याची बातमी पसरल्यावर जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ घरी आले आणि त्यांनी चांगली रक्कम देऊ केली. चिमटा, ब्रेक सगळं नव्यासारखं, म्हणजे किंमत तर वाढणारच. घरात थोडी चलबिचल झाली, खोटं कशाला बोलू! आई स्वाध्यायाला बसल्या होत्या. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहपरिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. अतिवाहन म्हणजे लोभापायी बैलांना सुखाने चालतील त्यापेक्षा जास्त चालवणं. अतिभारवहन म्हणजे जास्त ओझं लादणं. विस्मयाचा अर्थ आईंनी आम्हाला असा समजावला: आपण वस्तू दिली आणि दुसऱ्याला तिचा जास्त लाभ झाला, की मनात जी हळहळ होते ती. “गाडी गेल्यावर तिची किंमत मोजत बसायची असेल,” त्या म्हणाल्या, “तर मी व्रत कशाला घेतलं?” ते गृहस्थ चहा घेऊन गेले.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या मोजदादीवर केलेली नाही, मूर्च्छेवर केली आहे. मूर्च्छा म्हणजे ‘हे माझं’ अशी गुंग होऊन बसलेली भावना. मला वाटायचं, वस्तूपासून दूर झालं की मूर्च्छा सुटते. मुलाच्या बाबतीत मी उलटं घडताना पाहिलं. गाडी चादरीखाली होती तेव्हा ती त्याची ‘आजोबांची गाडी’ होती, स्वप्नातली. हात काळे करून, नळी, सील, बुश, स्प्रिंग वेगळी करून, पुन्हा जोडून झाल्यावर ती त्याला एक यंत्र म्हणून दिसू लागली. कोणाच्या तरी उपयोगाचं, नीट केलेलं यंत्र. एका संध्याकाळी तो म्हणाला, “आई, काका हिला पावसात बाहेर ठेवणार नाहीत ना? पाईप पुन्हा गंजतील.” ‘मला का नाही’ हे विचारणं कधी थांबलं, ते आम्हाला कळलंच नाही.

देतानाही आईंनी हात राखला नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासून घ्यावी लागते. ते करून, विमा उतरवून, कागद भाऊजींच्या नावे करून मगच गाडी अकोल्याला गेली. बरोबर एक नवं हेल्मेट आणि मुलाने वहीच्या पानावर लिहिलेली यादी: तेल कधी बदलायचं, नळी कशी पुसायची. आता भाऊजी महिन्यातून एकदा फोन करून सांगतात, “पाईप कोरडा आहे.” आमच्या घरात हे वाक्य आता खुशालीसारखं झालं आहे.

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवरासावरीत आपण किती वस्तू ‘देऊन टाकतो’! चटका देणारी इस्त्री, झाकणाचा रबर गेलेला कुकर, वायर उघडी पडलेला मिक्सर कामवालीला देतो आणि मोकळे होतो. आपल्या घरातला धोका उचलून तिच्या घरात ठेवला, तर ते दान कसलं? आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपण मुलांना पाठ करून घेतो. वस्तू देण्याआधी तिचा जीवावर बेतणारा भाग दुरुस्त केला, तर तिच्याबरोबर थोडं अभयही जातं. दुरुस्त होण्यासारखी नसेल तर ती भंगारात मोडून द्यावी, पण कोणाच्या हातात तशीच ठेवू नये.

आणि तुमच्या घरी ज्यांची मोटारसायकल आहे, त्यांच्यासाठी एवढं आजच बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पुढच्या चिमट्याच्या चकचकीत नळीवरून कोरडं बोट फिरवा. तेल लागलं, किंवा सीलपाशी तेलात भिजलेल्या धुळीचं कडं दिसलं, तर सील गळते आहे. नळीवर नखाला लागतील असे खड्डे असतील, तर फक्त सील बदलून भागणार नाही, हे मिस्त्रींना सांगा.

पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. उसळत राहिली, तर आतलं तेल कमी झालं आहे.

नळी आठवड्यातून एकदा मऊ ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. उभी गाडी असेल तर जास्तच. वापरणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचा चिमटा लवकर खराब होतो.

हे बघायला गाडी चालवता यायलाच हवी, असं नाही. मलाही येत नाही. पण सकाळी दुधाची पिशवी आत घेताना दारातल्या गाडीच्या नळीवरून एकदा बोट फिरवायची सवय मला लागली आहे. तुम्हीही लावून घ्या, आणि कोणाच्या गाडीचं काय निघालं ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र!